नजरेआडचा सुआरेझ

उरुग्वे या अख्ख्या देशात माणसं किती, तर साधारण ३५ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या ३७ लाख भरली होती. म्हणजे वैजापूर ते सोयगाव एवढ्याच माणसांतून संघ निवडायचा आणि त्यानं दोनदा फुटबॉलचा वर्ल्डकप जिंकून आणायचा, १९३० ला आणि १९५० ला, असा हा हिशोब आहे. हे आधी सांगायचं कारण असं, की उरुग्वेचा गोल करणारा गडी, फॉरवर्ड लुईस सुआरेझ, याचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच 'गरिबाच्या पोराची कहाणी' या रुळावर जाते. गरिबी खरी आहे. पण नुसत्या गरिबीनं फॉरवर्ड तयार होत असते तर आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत त्यांची रांग लागली असती.

दुसरी पार्टी म्हणते, भर सामन्यात समोरच्याला चावणारा आहे तो, सोडा. तेही खरं, पण त्यातून त्याचा खेळ कळत नाही.

मला सुआरेझ असा दिसतो: समोरच्याची नजर कुठे आहे ते ओळखायचं आणि त्या नजरेच्या बाहेर काम उरकायचं, हे त्याचं मूळ कसब. डिफेंडरच्या नजरेआड उरकलं की गोल होतो, रेफरीच्या नजरेआड उरकलं की गुन्हा होतो. त्यानं दोन्ही भरपूर केलं.

जन्म २४ जानेवारी १९८७ चा, साल्टो शहरातला. उरुग्वे नदीच्या काठी लाखभर वस्तीचं गाव, पलीकडच्या तीरावर अर्जेंटिनाचं कॉन्कॉर्डिया. हवा उष्ण, भोवताली संत्र्या-मोसंबीच्या बागा. जालन्याच्या माणसाला तिथं फार परकं वाटणार नाही. सात भावांमध्ये हा चौथा. बरोबर तीन आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला, त्याच साल्टोत एडिन्सन कवानी जन्मला. उरुग्वेसाठी सर्वांत जास्त गोल करणारे दोघं, सुआरेझ ६९ आणि कवानी ५८, असे एका गावातून एका महिन्याच्या आत आले. योगायोग म्हणायचा की आणखी काही, ज्याचं त्यानं ठरवावं.

सात वर्षांचा असताना घर मॉन्टेव्हिडिओला, राजधानीत हललं. पुढे दोन-एक वर्षांत आईवडील वेगळे झाले. आईनं साफसफाईची कामं करून लेकरं वाढवली. मोठा भाऊ पाओलो हाही पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू झाला, एल साल्वाडोरमध्ये खेळला. लुईस आधी उरेटा नावाच्या छोट्या क्लबात खेळायचा आणि चौदाव्या वर्षी नासिओनालच्या युवा संघात आला. नासिओनाल आणि पेन्यारोल हे तिथले दोन मोठे क्लब, बाकीचे त्यांच्या मागे.

उरुग्वेत सहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी 'बेबी फुटबॉल' चालतो. मैदान लहान, दोन्ही बाजूला कुंपणाला चिकटून आईवडील उभे, आणि निकालाची चुरस मोठ्यांच्या सामन्याइतकीच. लहान मैदानात पळायला मोकळी जागा नसते. चेंडू पुढे ढकलून वेगानं निघून जाणं तिथं चालत नाही, दोन पावलांवर पुढचा गडी उभाच असतो. तिथं टिकतो तो अंगाला अंग भिडवून चेंडू काढणारा. सुआरेझचं ड्रिबल, म्हणजे चेंडू पायाशी घेऊन समोरच्याला ओलांडणं, नीट बघा, ते याच मातीतलं आहे. नेमार किंवा मेस्सी डिफेंडरचा पाय टाळून जातात. सुआरेझ त्या पायावर जाऊन आदळतो.

ते घडतं असं. चेंडू पायापासून अर्ध्या मीटरवर ठेवून तो सरळ डिफेंडरच्या अंगावर जातो. डिफेंडर पाय घालतो. चेंडू त्याच्या नडगीला लागून उडतो. या क्षणी डिफेंडर चेंडू कुठे गेला हे बघायला थांबतो, आणि सुआरेझ थांबलेलाच नसतो, त्याचं पुढचं पाऊल डिफेंडरच्या मागे पडलेलं असतं. उडालेला चेंडू दोघांपैकी चालत्या माणसाला सापडतो. बघणाऱ्याला वाटतं नशीब. एका सामन्यात दोनदा झालं तर नशीब म्हणू. दर शनिवारी होतं तेव्हा तो सराव असतो. चेंडू दोन पायांमधून काढण्यात तर त्याचा हात कुणी धरत नसे. लिव्हरपूलचे, म्हणजे त्याच्या पुढच्या इंग्लिश क्लबाचे लोक म्हणायचे, हा जलपरीच्याही पायांमधून चेंडू काढील.

आपली पोरं क्लिपा बघून हे करायला जातात आणि फसतात, ते ठरावीक तीन ठिकाणी. पहिलं, चेंडू एक मीटरभर पुढे जातो. मग डिफेंडर पाय घालत नाही, लाथ मारून मोकळा होतो. दुसरं, चेंडू आदळला की पोरगं स्वतःच थबकतं, आणि सगळी गंमत थबकण्या-न थबकण्यातच आहे. तिसरं मैदानाचं. मुरमाच्या मैदानावर टणक फुगवलेला चेंडू गुडघ्याएवढा उसळतो, मग तो कुणाच्याच पायाशी राहत नाही. नियमानं चेंडूत ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा चालते. आपल्याकडे पंपवाला आपल्या ताकदीप्रमाणे भरतो आणि अंगठा दाबून बघतो. हवा मोजायचा साधा गेज घ्यावा आणि मुरमावर ९ च्या आसपास ठेवावी. बारा वर्षांखालच्यांना ५ नंबरचा चेंडू देऊ नये, ४ नंबरचा द्यावा. पोरगं चेंडूला भितं ते चेंडू त्याच्या मापाचा नसतो म्हणून, पण बोल पोराला बसतात.

नासिओनालमध्ये सुरुवातीची वर्षं काही चांगली गेली नाहीत. सरावाचा कंटाळा, रात्री उशिरापर्यंत बाहेर, आणि प्रशिक्षकांचा इशारा, की नीट वागणार नसशील तर खेळायला मिळणार नाही. याच काळात सोफिया बाल्बी ही मुलगी त्याच्या आयुष्यात आली, पुढे तीच बायको झाली. २००३ मध्ये तिचं कुटुंब बार्सिलोनाला गेलं. आता युरोपला जायचं तर दुसरा रस्ता नव्हता, फुटबॉल गांभीर्यानं घेणं भाग होतं. मे २००५ मध्ये कोपा लिबर्टाडोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या स्पर्धेत कोलंबियाच्या जुनिओर संघाविरुद्ध तो पहिल्यांदा मोठ्या संघाकडून उतरला. २००५-०६ मध्ये २७ सामन्यांत १० गोल केले आणि नासिओनाल लीग जिंकली.

हॉलंडच्या ग्रोनिंगन क्लबची माणसं उरुग्वेत आली होती दुसराच खेळाडू बघायला. डिफेन्सोरविरुद्धच्या सामन्यात सुआरेझनं पेनल्टी मिळवली, ती मारली आणि वर एक सुरेख गोल केला. पाहुण्यांनी ज्याच्यासाठी तिकीट काढलं होतं त्याला विसरून ८ लाख युरोला याला उचललं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. डच येत नव्हतं, इंग्रजीही येत नव्हतं, आधी दुय्यम संघात खेळावं लागलं. ब्रुनो सिल्व्हा हा उरुग्वेचाच डिफेंडर त्या क्लबात होता, त्यानं सांभाळून घेतलं. पहिल्या आणि एकमेव मोसमात लीगच्या २९ सामन्यांत १० गोल. कार्डांचा पाऊस तेव्हाही होताच.

याच वर्षी राष्ट्रीय संघाचा पहिला सामना आला: ८ फेब्रुवारी २००७, कोलंबियाविरुद्ध. उरुग्वे ३-१ नं जिंकला. सुआरेझ ८५ व्या मिनिटाला बाहेर, रेफरीशी हुज्जत घातल्याबद्दल दुसरं पिवळं. संघ दोन गोलांनी पुढे आहे, पाच मिनिटं उरली आहेत, पदार्पण आहे, आणि हा रेफरीशी भांडतोय. पुढचं सगळं इथं बीजरूपात दिसतं असं म्हणायचा मोह होतो. पण एक फरक आहे. तोंडाची भांडणं तो उघड करायचा, कार्डं घ्यायचा. चावणं कधीच उघड केलं नाही.

२००७ च्या उन्हाळ्यात अयाक्स या हॉलंडच्याच मोठ्या क्लबनं ३५ लाख युरो देऊ केले. ग्रोनिंगननं नाही म्हटलं. सुआरेझ थेट डच फुटबॉल संघटनेच्या लवादाकडे गेला, की मला सोडवा. ८ ऑगस्टला निकाल त्याच्या विरोधात गेला, आणि त्याच दिवशी अयाक्सनं आकडा ७५ लाखांवर नेला. व्यवहार झाला. एका मोसमात ८ लाखांचे ७५ लाख.

अयाक्सचे आकडे झरझर सांगतो, कारण ते स्वतःच बोलतात. २००९-१० मध्ये तो कर्णधार होता आणि लीगच्या ३३ सामन्यांत त्यानं ३५ गोल केले. लीग तरी ट्वेंटेनं एका गुणानं नेली. अयाक्सनं डच कप घेतला. एकूण १५९ सामने, १११ गोल. मधल्या काळात हाफटाइमला फ्री किक कुणी मारायची यावरून आपल्याच संघातल्या अल्बर्ट लुकेशी मारामारी आणि क्लबची शिक्षा. मार्को व्हान बास्टेन प्रशिक्षक असताना त्याच्या पिवळ्या कार्डांवरून सतत कुरबुर.

३१ जानेवारी २०११ ला लिव्हरपूलनं २ कोटी २८ लाख पौंडांना त्याला घेतलं. त्याच दिवशी त्यांनी अँडी कॅरोलवर साडेतीन कोटी घातले. बाजारातला भाव आणि मालाची प्रत यांचा संबंध किती, हे दाखवायला एवढा एक दिवस पुरे.

आता त्याचे गोल. १९ जून २०१४, साओ पाउलो, इंग्लंडविरुद्धचा वर्ल्डकप सामना. २२ मे ला गुडघ्याच्या गादीची शस्त्रक्रिया झालेली, चार आठवडे पुरते झालेले. कोस्टारिकाविरुद्धचा पहिला सामना बाकावरून बघितला, उरुग्वे ३-१ नं हरला. इंग्लंडविरुद्ध ३९ व्या मिनिटाला कवानीनं डावीकडून चेंडू टाकला. इंग्लंडचा डिफेंडर फिल जागिएल्का सुआरेझवर होता. त्यानं चेंडूकडे बघितलं, आणि तेवढ्यात सुआरेझ त्याच्या पाठीमागे दोन पावलं सरकला. हेडर गोलकीपर जो हार्टच्या उलट्या बाजूनं आत. दुसरा गोल ८५ व्या मिनिटाचा: गोलकीपर मुस्लेराची लांब किक, हवेत झुंज, चेंडू स्टीव्हन जेरार्डच्या डोक्याला लागून मागे गेला. सगळे वर बघत होते, सुआरेझ आधीच पळत सुटला होता. २-१. दमलेला, अर्धा बरा झालेला माणूस वेगानं कुणाला हरवू शकत नव्हता. त्यानं फक्त नजरा मोजल्या.

पहिल्या गोलातली हालचाल शिकवता येते आणि कुठल्याही जिल्हा क्रीडा संकुलाच्या मैदानावर घेता येते. लागतं काय: पेनल्टी बॉक्स (नसेल तर फक्कीनं आखा, गोललाइनपासून १६.५ मीटर), पाच-सहा चेंडू, बगलेला एक पास देणारा, एक डिफेंडर, एक फॉरवर्ड, एक गोली. फॉरवर्डनं सुरुवात डिफेंडरच्या समोर, हातभर अंतरावर, मुद्दाम त्याच्या नजरेत उभं राहून करायची. बगलेचा गडी चेंडू पुढे ढकलून मान वर करतो, तेव्हा फॉरवर्डनं दोन पावलं चेंडूच्या दिशेनं, जवळच्या खांबाकडे टाकायची. डिफेंडर ओढला जातो. बगलेच्या गड्याची मान खाली जाते आणि मारायचा पाय मागे जातो, तो इशारा: त्या क्षणी उलट फिरून डिफेंडरच्या मागच्या खांद्याआड तीन पावलं. आता डिफेंडरला चेंडू दिसतो किंवा माणूस दिसतो, दोन्ही एकदम दिसत नाहीत.

बिघडतं ते वेळेत. फॉरवर्ड लवकर सरकला तर डिफेंडरला मान वळवून बघायला अवकाश मिळतो. उशिरा सरकला तर चेंडू डोक्यावरून जातो. सरळ गोलकडे सरकला तर ऑफसाइडमध्ये सापडतो. सरकायचं तिरकं, थोडं मागे राहून. आणि टाचांवर उभं राहून हे होत नाही, पंजावर उभं राहावं लागतं. मुरमावर लांब स्टडचे बूट घातले तर वळताना पाय सटकतो, तिथं लहान रबरी स्टड बरे. आठ-आठ चेंडू झाले की फॉरवर्ड आणि डिफेंडर बदला, म्हणजे डिफेंडरलाही कळतं आपण कुठे आंधळे आहोत. पंधरा-वीस मिनिटांच्या पुढे नेऊ नका, आणि बारा वर्षांखालच्यांना हेडर न देता चेंडू जमिनीवरून द्या.

गुन्ह्यांकडे वळताना एक प्रकरण बाजूला काढून ठेवतो, कारण ते या नजरेच्या हिशोबात बसत नाही आणि बसवूही नये. १५ ऑक्टोबर २०११ ला अ‍ॅनफिल्डवर मँचेस्टर युनायटेडचा पॅट्रिस एव्हरा याच्याशी बोलताना सुआरेझनं त्याच्या रंगावरून शब्द वापरले. इंग्लिश संघटनेच्या स्वतंत्र समितीनं ११५ पानांचा निकाल दिला, ८ सामन्यांची बंदी आणि ४० हजार पौंड दंड. आपला हेतू वर्णद्वेषाचा नव्हता यावर तो ठाम राहिला. समितीनं ते मानलं नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्यानं एव्हराचा हात टाळला, मग माफी मागावी लागली. त्या सगळ्या काळात क्लबनं आंधळेपणानं त्याची बाजू घेतली, खेळाडूंनी त्याच्या नावाचे टीशर्ट घातले. इथं चूक एकट्या सुआरेझची राहिली नाही.

घानाचं प्रकरण वेगळं. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, वर्ल्डकपची उपांत्यपूर्व फेरी, १-१, जादा वेळेतलं शेवटचं मिनिट. गोललाइनवर उभ्या सुआरेझनं एक फटका पायानं अडवला, पुढचं हेडर दोन्ही हातांनी. लाल कार्ड, पेनल्टी. असामोआ ग्यानचा फटका क्रॉसबारला लागून वर गेला, शूटआउटमध्ये उरुग्वे ४-२ नं पुढे. पुष्कळांना वाटतं, सरळ गोलच द्यायला हवा होता. रग्बीत तशी सोय आहे, फुटबॉलमध्ये नाही. फुटबॉलचा नियम असा, की पूर्ण चेंडूनं पूर्ण रेषा ओलांडल्याशिवाय गोल नाही. हातानं अडवला तर पेनल्टी आणि मुद्दाम अडवला असेल तर बाहेर. नियमातली पूर्ण किंमत सुआरेझनं मोजली, हॉलंडविरुद्धची उपांत्य फेरीही त्याला हुकली आणि उरुग्वे ३-२ नं हरला. याला मी फसवणूक म्हणणार नाही. सगळ्या स्टेडियमसमोर, रेफरीच्या डोळ्यांदेखत केलेली गोष्ट आहे ती. घानाच्या लोकांना हे पटणार नाही, आणि त्यांना पटावं अशी अपेक्षाही नाही.

चावण्याचे तीन प्रसंग मात्र एकमेकांशेजारी ठेवून बघा. २० नोव्हेंबर २०१०, अयाक्स-पीएसव्ही, ०-० असा सुटलेला सामना, शेवटाकडे खेळाडूंची झोंबाझोंबी, त्यात पीएसव्हीच्या ओटमान बक्कलला खांद्याशी चावला. २१ एप्रिल २०१३, लिव्हरपूल-चेल्सी, सुआरेझच्याच हाताला चेंडू लागून चेल्सीला पेनल्टी मिळालेली, लिव्हरपूल १-२ मागे, ६६ व्या मिनिटाला ब्रानिस्लाव्ह इवानोविचच्या दंडाला चावला. २४ जून २०१४, नाताल, इटलीविरुद्ध ०-०, पुढे जायचं तर उरुग्वेला जिंकणं भाग, ७९ व्या मिनिटाला जॉर्जिओ किएलिनीच्या डाव्या खांद्याला. तिन्ही वेळा सामन्याचा उत्तरार्ध, तिन्ही वेळा संघ जिंकत नव्हता, तिन्ही वेळा त्याचा स्वतःचा गोल झालेला नव्हता. आणि तिन्ही वेळा रेफरीनं कार्ड काढलं नाही, कारण रेफरीला दिसलंच नाही. म्हणून मला 'डोकं फिरलं' हे स्पष्टीकरण अर्धंच वाटतं. डोकं फिरलेलं असेल, पण नजर जागेवर होती. इवानोविचच्या सामन्यात तर तो मैदानावर राहिला आणि ९७ व्या मिनिटाला २-२ ची बरोबरी त्यानंच केली.

शिक्षा वाढत गेल्या. बक्कलबद्दल क्लबनं दोन सामने बसवलं, संघटनेनं ते सात केले. इवानोविचबद्दल दहा. मारहाणीला नेहमीचे तीन सामने असतात, इथं ते उघडउघड अपुरे ठरवले गेले. त्या दहापैकी सहा पुढच्या मोसमात गेले, त्यात लीगचे पाच. लीगचे ३८ सामने, पाच वजा, उरले ३३. सगळे खेळला, ३१ गोल केले, त्यात पेनल्टीचा एकही नाही. किएलिनीनंतर फिफानं चार महिने फुटबॉलपासून दूर, ९ आंतरराष्ट्रीय सामने आणि १ लाख स्विस फ्रँक दंड असा निकाल दिला. आधी तो म्हणाला तोल गेला, तोंड आदळलं. ३० जूनला जाहीर माफी मागितली. ते ९ सामने मोजले तर देशाला काय पडलं ते कळतं: वर्ल्डकपमध्ये कोलंबियाविरुद्ध एक (०-२, घरी परत), २०१५ च्या कोपा अमेरिकाचे (दक्षिण अमेरिकी देशांची स्पर्धा) चार, वर्ल्डकप पात्रतेचे चार. २५ मार्च २०१६ ला तो उरुग्वेकडून परतला, ब्राझीलविरुद्ध, आणि २-२ ची बरोबरी करणारा गोल केला. मधल्या काळात बार्सिलोना या नव्या क्लबाकडून चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गोल करून झाला होता. क्लबाला तो मिळत होता, देशाला नाही.

आज मोठ्या स्पर्धांत व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारी सोय) आहे, चावणं लपत नाही. आपल्या तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धांत आजही २०१० चाच काळ आहे: एक रेफरी, दोन लाइनमन, तेही बरेचदा यजमान क्लबाचे, ज्यांना फक्त चेंडू बाहेर गेला का ते सांगायचं असतं. "सर, मागून मारतोय तो," असं पोरगं ओरडतं तेव्हा रेफरी चेंडूमागे पळत असतो. तेव्हा रेफरीनं काय करावं हे लिहून ठेवतो.

सामन्याआधी लाइनमनला एक काम जास्तीचं सांगा: चेंडू माझ्याकडे असेल तेव्हा तुम्ही तुमच्या बाजूचा फॉरवर्ड आणि त्याच्यावरचा डिफेंडर, ही जोडी बघायची. कॉर्नर किंवा फ्री किकच्या वेळी शिट्टीआधी दोन सेकंद जोड्यांकडे बघा, कुणी कुणाला धरलंय ते मोठ्यानं बोला. आपल्यावर नजर आहे एवढं कळलं तरी निम्मं थांबतं. चेंडू हवेत गेला की सगळे वर बघतात. रेफरीनं एक नजर खाली ठेवायची, चेंडू पडून गेलेल्या जागेवरही. मैदानात तिरक्या रेषेत पळा, म्हणजे खेळ तुमच्या आणि लाइनमनच्या मध्ये राहतो. उत्तरार्धात, बरोबरीवर किंवा मागे असलेल्या संघाच्या चिडलेल्या फॉरवर्डकडे जास्त लक्ष.

चावलेलं दिसलं तर लाल कार्ड, यात वाद नाही, नियम १२ मध्ये चावणं आणि थुंकणं नाव घेऊन लिहिलेलं आहे. खेळ पुन्हा सुरू कसा करायचा यात मात्र हमखास गोंधळ होतो. चेंडू खेळात असताना चावलं तर त्या जागेवरून डायरेक्ट फ्री किक, आणि डिफेंडरनं स्वतःच्या बॉक्समध्ये चावलं तर पेनल्टी. पण कॉर्नर अजून मारलेला नसताना झालं, तर चेंडू खेळात नव्हता; लाल कार्ड द्या, आणि खेळ कॉर्नरनंच सुरू करा. तिथं पेनल्टी देऊन बसलात तर मग तक्रार अर्ज येतो आणि तो बरोबर असतो. रक्त येत असेल तर खेळाडूला बाहेर काढणं बंधनकारक आहे, रक्त थांबून कपडे स्वच्छ झाल्याशिवाय परत घ्यायचं नाही. माणसाचा चावा लवकर चिघळतो: साबण आणि वाहत्या पाण्यानं पाच-दहा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, कातडी फाटली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

रेफरीनं किंवा लाइनमननं बघितलं नसेल तर खेळाडूंच्या सांगण्यावरून कार्ड देता येत नाही, दातांचे वण समोर असले तरी. तेव्हा अहवालात लिहायचं: मिनिट, दोघांचे नंबर, मैदानावरची जागा, चेंडू तेव्हा कुठे होता, वण कुठल्या अंगावर, कुणी मोबाइलवर चित्रण केलं असेल तर ते कुणाकडे आहे. अहवाल त्याच संध्याकाळी समितीकडे द्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांची समजूत झालेली असते आणि चित्रण मोबाइलमधून गेलेलं असतं.